उमेदवाराचे घराणे चांगले आहे

‘डिअर मिस भगवान,’ अशी त्या मेलची सुरुवात होती.

भगवान हे माझ्या वडिलांचं नाव. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रिकेपासून पदवीपर्यंत आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. अमेरिकेत जे शेवटी येतं ते आडनाव. त्यामुळे पडताळणी करणाऱ्या कंपनीच्या दप्तरी माझं नाव ‘पाटील’ आणि आडनाव ‘भगवान’ पडलं. आबांना मी तो मेल वाचून दाखवला. ते केळीच्या बागेतून नुकतेच आले होते, पाय धूत होते. म्हणाले, “मिस्टर भगवान तं मीच हाये. मंग बरोबरच हाये ना.”

मार्च २०२५ च्या अखेरीस मला तिकडच्या एका बिझनेस स्कूलमध्ये एमबीएला प्रवेश मिळाला. सावद्याला आत्याकडे पेढे पोचले, फैजपूरला मामाकडे पोचले, पुण्यात ऑफिसमध्ये केक कापून झाला. प्रवेशाच्या पत्रात खाली एक ओळ होती, ती मी वाचली होती, पण पेढ्यांच्या गडबडीत मनावर घेतली नव्हती. हा प्रवेश सशर्त आहे, तुम्ही अर्जात दिलेल्या माहितीची पडताळणी होईल, ती समाधानकारक झाली तरच तो कायम राहील. माहिती खोटी निघाली तर प्रवेश रद्द, शिकायला लागल्यावर निघाली तर बाहेर, आणि पदवी घेतल्यावर निघाली तर पदवीसुद्धा काढून घेऊ.

हे काम शाळा स्वतः करत नाही. त्यासाठी बाहेरची कंपनी असते, आणि तिचे पैसे उमेदवारानंच भरायचे. कंपनी तीन गोष्टी बघते. पदवी खरी आहे का, नोकरीच्या तारखा आणि हुद्दे खरे आहेत का, आणि शिफारसपत्रं ज्यांच्या नावावर आहेत त्यांनीच लिहिली आहेत का. जीएमॅटचा प्रश्नच येत नाही. तो स्कोअर परीक्षा घेणारेच थेट शाळेला पाठवतात. माझा ६७५ होता, नव्या मोजपट्टीवर, जिथे ८०५ च्या वर काही नसतं. तो गेला आणि पोचला.

मी संमतीचा फॉर्म भरला, सही केली, कागद स्कॅन करून चढवले. मला भीती नव्हती. म्हणजे एका गोष्टीची होती, पण ती मी कोणाला सांगितली नव्हती. तिच्याकडे पुढे येते.

पुण्याच्या कंपनीची पडताळणी एका दिवसात झाली. तिथे एचआरचं पोर्टल आहे. कर्मचारी क्रमांक टाकला की तारखा आणि हुद्दा आपोआप बाहेर पडतो, कोणी माणूस मध्ये येतच नाही. शिफारस देणाऱ्या सरांना मेल आला, हे पत्र तुम्हीच लिहिलंत का? सरांनी हो म्हणून कळवलं आणि रात्री मला फोन केला. “अगं, तो तिसरा परिच्छेद तू पाठवलेल्या मुद्द्यांवरूनच लिहिला होता मी. ते पण सांगायचं होतं का?” मी म्हटलं, सर, मुद्दे माझे, वाक्यं तुमची. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “वाक्यं माझी होती हे नक्की, स्पेलिंगच्या चुका आहेत त्यात.” आपल्याकडे ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणारे साहेब पायलीला पन्नास मिळतात. सर त्यातले नव्हते हे माझं नशीब.

पहिलं घोडं पदवीपाशी अडलं. माझी बी.ई. २०१६ ची. प्रमाणपत्रावर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव’. पूर्वी इकडची कॉलेजं पुणे विद्यापीठात होती. १९९० मध्ये खान्देशासाठी हे वेगळं विद्यापीठ झालं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच्या नावाआधी ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी’ लागलं. कंपनीच्या यादीत नवं नाव होतं, माझ्या कागदावर जुनं. शेरा आला, ‘संस्था आढळली नाही’. या धंद्यात कमी पडलेल्या कागदाला ‘इन्सफिशियन्सी’ म्हणतात. तो पिवळा शेरा. सगळं जुळलं की हिरवा, उलटं निघालं की लाल.

विद्यापीठात मी स्वतः गेले. गिरणा ओलांडली की बांभोरीजवळ आवार लागतं, एप्रिलमध्येही तिथे सावली शोधावी लागते. परीक्षा विभागात खिडकीवरच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. “दर आठवड्याला एक येतोच तुमच्यासारखा,” म्हणाल्या. शुल्क भरलं, अर्ज दिला, दोन्ही नावं एकाच विद्यापीठाची आहेत असं पत्र मिळालं. पावती घेऊन बाहेर पडले तेव्हा वाटलं, ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, जिच्या ओव्या मुलानं आणि नातेवाइकांनी कागदावर उतरवून घेतल्या म्हणून उरल्या, तिच्या नावाच्या शिक्क्यावर आता आमच्या साऱ्यांच्या कागदाचं खरं-खोटं ठरतं. असोद्याच्या बहिणाबाईंना हे कोणी सांगितलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, ते मला सुचत नाही. त्यांना लगेच सुचलं असतं.

पदवी हिरवी झाली. नावाच्या उलटापालटीसाठी पासपोर्ट आणि आधार पाठवले, तेही हिरवं झालं. मेल मात्र शेवटपर्यंत मिस भगवानलाच येत राहिले.

मेच्या पहिल्या आठवड्यात लाल शेरा आला.

तो जळगावच्या नोकरीवर होता. बी.ई. झाल्यावर ऑगस्ट २०१६ ते डिसेंबर २०१८ मी जळगाव एमआयडीसीत एका चटई कारखान्यात होते. अर्जातला माझा पहिला निबंध याच नोकरीवर होता. शेरा इंग्रजीत होता, मी मराठीत देते. ‘संस्थेच्या दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधला. उत्तरदात्याच्या म्हणण्यानुसार उमेदवार कर्मचारी नव्हती. उमेदवारास वेतन दिले जात नव्हते. उमेदवाराचे घराणे चांगले असल्याचे उत्तरदात्याने नमूद केले.’

शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. मधल्या दोन वाक्यांनी पोटात गोळा आला होता, या शेवटच्यानं काय झालं असेल ते लख्ख दिसलं. फोन मुनीमजींनी उचलला असणार.

ज्यांना आमच्या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. अनोळखी माणूस फोन करतो आणि गोड आवाजात एखाद्या मुलीची चौकशी करतो, ही गोष्ट आमच्याकडे एकाच कारणासाठी होते. सोयरीक. आणि ती चौकशी काय असते, अमेरिकन कंपनीनं आमच्याकडून शिकावं. माझ्या चुलतबहिणीच्या वेळी मुलाकडच्यांनी दूध डेअरीत विचारलं, शाळेच्या शिपायाला विचारलं, तिचा मोबाइल रिचार्ज करणाऱ्या दुकानदाराला विचारलं. मग आमच्याकडच्यांनी जाऊन मुलाच्या गावात पानटपरीवर अर्धा दिवस काढला. कुणाकडून काही लिहून घेत नाहीत, कुठे सही नाही, शुल्क नाही, आणि अहवाल संध्याकाळपर्यंत घरी.

पंधरा दिवसांत खुलासा द्यायचा होता. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघाले, सकाळी जळगावात अजिंठा चौफुलीला उतरले. आठलाच ऊन डोळ्यांत जात होतं.

कारखाना होता तसाच होता. गेटमधून आत गेलं की आधी वास येतो, वितळलेल्या प्लॅस्टिकचा, गोडसर आणि घशाला बसणारा. दाणा एक्सट्रुडरमध्ये ओततात, तो वितळून त्याची पोकळ काडी बाहेर येते, पाण्याच्या हौदातून गार होऊन जाते, आणि ती काडी लूमवर धाग्यांत विणली की चटई. मुंबई-पुण्यात लग्नाच्या पंगतीला किंवा गच्चीवर झोपायला जी प्लॅस्टिकची रंगीत चटई अंथरतात, तिच्यातल्या बऱ्याच चटया जळगावातून गेलेल्या असतात. लूमचा खडखडाट एवढा की तिथली माणसं घरीसुद्धा ओरडून बोलतात. मीही दोन वर्षं बोलायचे.

मुनीमजी त्यांच्या कोपऱ्यात होते. समोर वह्या, डोक्यावर भिंतीतला पंखा, उजव्या हाताला तो लँडलाइन, त्यावर क्रोशाचं झाकण. अमळनेरकडचे आहेत, घरात अहिराणी, शेठशी मराठी, व्यापाऱ्यांशी हिंदी.

“मुनीमजी, माझ्याबद्दल कोणाचा फोन आला होता का?”

चेहरा एकदम खुलला. “उना व्हता ना! हैदराबादथीन. पोऱ्या भलता सभ्य बोले.”

मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे लूमच्या आवाजात जेवढा खाली येतो तेवढा, आणि सगळं सांगितलं. पोरानं हिंदीत विचारलं, ही मुलगी तुमच्याकडे काम करत होती का? मुनीमजींनी मनात म्हटलं, हा खोडा आहे. त्यांच्या सख्ख्या पुतणीची ठरत आलेली सोयरीक ‘मुलगी कारखान्यात जाते’ एवढ्यावर मोडली होती, ते मलाही ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, नोकरी-बिकरी काही नाही, आपल्या घरच्यासारखी मुलगी, कधीमधी शेठच्या कामाला हातभार लावायला यायची. पोरानं विचारलं, पगार किती होता? मुनीमजी आणखी सावध झाले. त्यांना वाटलं, पगार विचारतोय म्हणजे पोरीकडे साठवलेलं किती आहे याचा अंदाज घेतोय, देण्याघेण्याची बोलणी मागून काढणार. म्हणून त्यांनी पगारच नाकारला. मग पोरानं विचारलं, काम का सोडलं? मुनीमजी म्हणाले, सोडायला धरलं कधी होतं?

“आणि घराणं चांगलं म्हणून सांगितलंत.”

“मंग! ते तर मी आपहून सांगं.”

मी खरं काय ते सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन वहीवर आडवं ठेवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, माझ्यासाठी स्वतः माठातलं पाणी आणलं. मला रागवायचं होतं, प्रवासभर मी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. माझ्या नावाला धक्का लागू नये म्हणून माणसानं माझी अडीच वर्षं पुसून टाकली होती. रागवायचं कशावर?

शेठजी अकराला आले. त्यांना हे ऐकून इतकं हसू आलं की त्यांनी मुनीमजींना परत सगळं सांगायला लावलं. मग ड्रॉवर उघडून लेटरहेडचा गठ्ठा काढला, वरचं पान घेतलं, खाली कोपऱ्यात सही केली, शिक्का मारला आणि माझ्यापुढे सरकवलं. वर सगळं कोरं.

“काय हवं ते टाइप करून घे. मॅनेजर लिही. जनरल मॅनेजर लिही, आपल्या काय बापाचं जातं?”

तो कागद माझ्या हातात होता हे मला अजून आठवतं. शिक्क्याची शाई ओली होती, अंगठ्याला लागली. अर्जात मी हुद्दा ‘प्रॉडक्शन सुपरवायझर’ लिहिला होता. कागदावर मी होते ट्रेनी. नेमणुकीचं एकच पत्र मला मिळालं होतं, एका वर्षाच्या ट्रेनीचं. वर्ष संपलं, शेठ म्हणाले आता पाळी तू बघ, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पाळी बघायला लागले. कामगार मॅडम म्हणायला लागले, पगार तीन हजारांनी वाढला, पत्राची आठवण ना त्यांना झाली ना मला. आता वर दोन ओळी टाइप केल्या की सगळं जुळणार होतं, आणि त्या दोन ओळी खोट्या म्हणाव्या एवढ्या खोट्याही नव्हत्या.

कोरा कागद मी परत दिला. फार मोठेपणा होता असं नाही. खरं सांगायचं तर भीती होती, दोन कागदांवर दोन गोष्टी निघाल्या तर तिसऱ्या कागदावर कोण विश्वास ठेवील? म्हटलं, शेठजी, जसं होतं तसं लिहू. ऑगस्ट २०१६ ते जुलै २०१७ ट्रेनी. त्यानंतर डिसेंबर २०१८ पर्यंत सुपरवायझरचं काम केलं, त्या हुद्द्याचं वेगळं पत्र दिलेलं नाही.

“पत्र दिलेलं नाही हे पण लिहायचं?” शेठ चक्रावले. “आपणच आपल्या अंगावर?”

लिहिलं. त्यांच्या सुनेनं टाइप केलं. ईमेल वगैरे आता तीच बघते.

प्रिंट निघेपर्यंत चहा आला आणि मी ती दुसरी गोष्ट काढली, जिची भीती मी घेऊन फिरत होते. निबंधात मी लिहिलं होतं की लूमवर वाया जाणारी काडी मी तीस टक्क्यांनी कमी केली. त्याची वही माझ्याकडे होती. सुरुवातीच्या महिन्यात पाळीमागे सरासरी ११ गोणी कापलेली, तुटलेली काडी निघायची, सहा महिन्यांनी ८. म्हणजे सत्तावीस टक्के आणि वर थोडं. सत्तावीस लिहिलं तर वाचणारा थबकत नाही, तीस लिहिलं की थबकतो. मी तीस लिहिलं. आता पडताळणीवाल्यांनी शेठना तेवढंच विचारलं तर?

शेठनी ऐकून घेतलं. बशीत चहा ओतला. म्हणाले, “पण वेस्टेज म्हणजे काय गं? ती काडी आपण परत दळून दाणाच करतो ना.”

हे मला माहीत नव्हतं असं नाही. ग्राइंडर माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर होतं. दळायला वीज लागते, परत दळलेल्या दाण्याचा रंग उतरतो, हलक्या मालातच तो चालतो, त्यामुळे बचत होतीच. पण निबंधात जे दोन परिच्छेद मी त्या तीन गोण्यांवर लिहिले होते, एका मागास भागातल्या कारखान्यात एकट्या मुलीनं घडवलेला बदल वगैरे, ते वाचून शेठनी चहा बशीतच ठेवला असता. मी विषय बदलला. त्यांनी बदलू दिला.

आता खुलाशाला पुरावे जोडायचे होते, आणि खरी खटपट तिथे झाली. पडताळणीवाल्यांचं पहिलं सांगणं, पीएफचा उतारा द्या. आजकाल यूएएन हा पीएफचा क्रमांक टाकला की कुठे कधी लागलो, कधी सोडलं, सगळं पीएफच्या पोर्टलवर दिसतं. पण पीएफ लागू होतो वीस माणसांपासून, आणि आमच्या कारखान्याच्या हजेरीपटावर माणसं अठरा. पाळीला मी मोजायचे तेव्हा किती असायची ते इथे लिहीत नाही. म्हणजे पीएफ नाही.

मग बँकेचं पासबुक. पगार चेकनं व्हायचा, ते महिने स्पष्ट दिसत होते. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये एक मोठी रोख जमा, आणि पुढे फेब्रुवारीपर्यंत काहीच नाही. नोटाबंदी झाली त्याच आठवड्यात शेठनी सगळ्यांना तीन महिन्यांचा पगार एकदम वाटला होता, पाचशेच्या जुन्या नोटांत. तेव्हा आम्हाला शेठ देवमाणूस वाटले होते. त्या नोटा भरायला मी बँकेच्या रांगेत सव्वाचार तास उभी होते. आता हैदराबादच्या पोराला समजावायचं कसं, की ही रोख म्हणजेच पगार? मी खुलाशात सरळ लिहिलं, ८ नोव्हेंबर २०१६ ला भारत सरकारनं ५०० आणि १००० च्या नोटा बंद केल्या, मालकानं आगाऊ पगार दिला, मी तो खात्यात भरला. इतकी साधी वाक्यं लिहायला मला दोन तास लागले. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि वाचताना प्रत्येक वाक्य बनावट वाटत होतं.

तिसरी भानगड नावाची. गेटवरच्या पाटीवर कारखान्याचं एक नाव, जीएसटीच्या प्रमाणपत्रावर दुसरं. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा नोंदणी शेठच्या पत्नीच्या नावानं असलेल्या फर्मची झाली, पाटी जुन्या काळातली तशीच राहिली. माझ्या नेमणूकपत्रावर पाटीचं नाव, शेवटच्या दीड वर्षाच्या चेकवर फर्मचं. दोन्ही नावं एकाच पत्त्यावर आहेत हे दाखवायला विजेचं बिल जोडलं. मिस भगवानची आणि या कारखान्याची दुखणी सारखीच होती.

शेवटी प्रतिज्ञापत्र. कोर्टाबाहेर स्टॅम्प वेंडरकडे शंभराचा मागितला तर तो म्हणाला, ताई, गेल्या वर्षापासून पाचशेचा. माझ्याबरोबर पाळीला असलेले दोघं साक्षीला आले. त्यातला एक आता रिक्षा चालवतो, त्यानं मीटर बंद करून दोन तास दिले आणि वर शेवभाजी खाऊ घातली. वहीत सही करताना त्यानं नोटरीला विचारलं, “मॅडमनं काय केलंय?” नोटरी म्हणाला, “काही नाही, नोकरी केलीये.”

जानेवारी ते जून २०१९ मी कुठेच नोकरीला नव्हते. आईचं ऑपरेशन होतं आणि केळी कटाईला आली होती. अर्जात ‘घरची शेती’ एवढंच लिहिलं होतं. मला वाटलं यावर तर धरणारच. सातबारा काढून ठेवला, व्यापाऱ्याच्या पट्ट्या काढून ठेवल्या, गाडीगणिक वजनं माझ्याच अक्षरात होती. त्यांनी विचारलंच नाही.

मग वाट बघणं. त्या दहा दिवसांत रात्री मी नको ते वाचत बसायचे. एक गोष्ट तेव्हा सापडली. एमआयटीच्या प्रवेश विभागाच्या डीन मॅरिली जोन्स. पोरांना अर्ज भरताना प्रामाणिक राहा, उगाच फुगवून लिहू नका असं सांगण्यासाठी अमेरिकाभर प्रसिद्ध. एप्रिल २००७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, कारण स्वतःच्या बायोडेटात त्यांनी न मिळवलेल्या पदव्या लिहिल्या होत्या. एमआयटीत त्या तोवर २८ वर्षं काम करत होत्या आणि काम उत्तम करत होत्या. अठ्ठावीस वर्षं कोणी विद्यापीठाला फोन करून विचारलं नव्हतं. त्या रात्री मी माझी वही परत काढली. ११ आणि ८. भागाकार परत केला. तो तेवढाच आला.

शाळेला मेल लिहायला घेतला, की निबंधात तीस आहे ते सत्तावीस वाचावं. लिहिला. ड्राफ्टमध्ये आहे.

पडताळणीवाल्यांनी कारखान्यात परत फोन केला तेव्हा सून तयारीत होती. तिनं फोन शेठच्या हातात दिला, समोर माझं पत्र ठेवलं. शेठनी हुद्दा आणि तारखा वाचून दाखवल्या. कामाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, “बहुत अच्छा काम था, लेकिन झगडा बहुत करती थी.” सुनेनं मला हे कळवलं तेव्हा मी दिवसभर जेवले नाही. अहवालात त्याचं एवढंच झालं, ‘उत्तरदात्याने नोकरी, कालावधी व हुद्दा यांस दुजोरा दिला.’ तीस टक्क्यांबद्दल एक अक्षर नाही. कोणी विचारलंच नव्हतं. तारीख, हुद्दा, सही कोणाची, शिक्का कोणाचा. ज्यावर प्रवेश मिळाला असं मला वाटतं ते दोन परिच्छेद कुठल्याच रकान्यात बसत नव्हते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात हिरवा शेरा आला. ‘डिअर मिस भगवान, तुमची पडताळणी पूर्ण झाली आहे.’ आबा म्हणाले, फ्रेम करून लावू. आई म्हणाली, आता तरी नाव बदलून घ्या म्हणावं. वादळी वाऱ्यानं शेजारच्या शिवारातली केळी आडवी झाली होती, त्यामुळे दोन दिवस घरात कोणी माझ्याबद्दल बोललं नाही, ते बरंच झालं.

जूनमध्ये व्हिसाच्या कागदांसाठी पुण्यात धावपळ चालू असताना जळगावच्या लँडलाइनवरून फोन आला. मला वाटलं, आता काय निघालं?

मुनीमजी होते. तब्येत विचारली, आईची विचारली, केळी किती वाचली ते विचारलं. मग जरा घुटमळले.

“ताई, तो हैदराबादना पोऱ्या… परत फोन नही उना का त्याना?”

“आला होता ना मुनीमजी, शेठजींशी बोलला. काम झालं.”

“ते नही वं,” मुनीमजी म्हणाले. “मी म्हनस, त्याना लगीन जमनं का कोठे?”